दोन समुद्रांची कोयना

महाबळेश्वरच्या माथ्यावरून सावित्री सरळ कोकणात उतरते, कृष्णा वाईची वाट धरते. कोयना मात्र नाकासमोर दक्षिणेला निघते. दख्खनच्या नद्यांनी पूर्वेकडे जायचं हा शिरस्ता. ही सह्याद्रीची मुख्य रांग उजव्या हाताला धरून मैलोन्‌मैल चालत राहते. डोंगर ओलांडला की कोकण, पण डोंगर काही ओलांडू देत नाही. हेळवाकला ती एकदम पूर्वेला वळते, पाटणला केरेला पोटात घेते आणि कऱ्हाडला कृष्णेशी समोरासमोर येऊन भिडते. असा संगम क्वचितच पाहायला मिळतो. दोघी एकमेकींवर चालून आल्यासारख्या येतात आणि मग एक होऊन पूर्वेला वळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी इथंच, प्रीतिसंगमावर आहे.

हेळवाकच्या वळणाआधी धरण आहे. मागे शिवसागर, साठवण १०५ टीएमसी. बामणोलीहून लाँच वासोट्याकडे निघाली, की पाण्यात नुसते डोंगरच डोंगर दिसतात. लाँचमधली मंडळी फोटो काढण्यात गुंग असतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. देखणंच आहे ते. पण एप्रिल-मेमध्ये पाणी ओसरलं, की काठाच्या तांबड्या मातीवर उतरत्या पाण्याच्या रेघा एकीखाली एक उमटलेल्या असतात, अन् हिरव्या जंगलाखाली एक उघडाबोडका पट्टा दिसू लागतो. इथल्या भातखाचरांची माणसं धरणग्रस्त होऊन कुठल्या कुठे पांगली. लाँचवाल्याला विचारावं, तर तो पाण्याकडेच बोट दाखवून गावांची नावं सांगतो.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झालं. शास्त्रज्ञांनी बोट ठेवलं ते जलाशयावर, खडकांच्या भेगांत मुरणाऱ्या त्याच्या पाण्यावर.

डोंगराने जी वाट अडवली, ती माणसाने बोगद्यांनी खोदून दिली. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायची मुभा आहे. सह्याद्रीच्या पोटातून ते पोफळीकडे कोसळतं, टर्बाइन फिरवतं आणि पुढे वाशिष्ठीला जाऊन मिळतं. म्हणजे एकाच नदीचं थोडं पाणी बंगालच्या उपसागराकडे, थोडं अरबी समुद्राकडे! उन्हाळ्यात कोकणातल्या कितीतरी नद्या दगडगोट्यांवर येतात; चिपळूणची वाशिष्ठी तेव्हाही वाहती असते, आणि वर वीज किती तयार होते त्यावर तिचं पाणी चढतं-उतरतं.