बंदर नसलेल्या शहरातले ॲडमिरल

हैदराबादहून समुद्र तीनेकशे किलोमीटर लांब. हुसेनसागरावर शिडाच्या होड्यांच्या शर्यती होतात, तेवढंच. तरीही नौदलाचे दोन प्रमुख, तेही सासरे आणि जावई, अखेरीला इथेच टेकले. डफरिन या प्रशिक्षण-जहाजावरच्या पहिल्या तुकडीतले आणि १९५८ साली नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले ॲडमिरल रामदास कटारी १९८३ मध्ये सिकंदराबादेत वारले. त्यांचे जावई ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास १५ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत गेले. योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण दर्यावर्दी माणूस जहाजावर घडतो ही समजूत मला अर्धीमुर्धीच पटते. बाकीचा तो घरात घडतो, आणि या घराण्याकडे पाहिलं की त्याचा पुरावाच मिळतो.

नौसैनिकाची बायको म्हणजे खिडकीशी बसून वाट पाहणारी, हे चित्र आपल्या मनातून जाता जात नाही. (ते बहुधा किनाऱ्यावर बसलेल्या पुरुषांनीच काढलेलं असावं.) खरं तर दर दोन-तीन वर्षांनी बदली, पांढऱ्या रंगात नाव-हुद्दा लिहिलेल्या काळ्या ट्रंका, मुलांची नवी शाळा, नवी भाषा हा सगळा संसार ती एकटीच हाकत असते. नवरा बढती मिळून वर गेला, की तिच्या वाट्याला चहापान आणि कल्याणकारी कार्यक्रम येतात. कटारींच्या कन्या ललिता रामदास तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या साक्षरतेच्या कामात उतरल्या. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारानंतर दिल्लीतल्या मदतकार्यात त्या होत्या, आणि तेव्हा त्यांचे यजमान वर्दीत होते. पुढे त्या ग्रीनपीसच्या आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. अशी बायको आणि तीन मुली ज्याच्या घरात, तो १९९० मध्ये नौदलप्रमुख झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत, १९९२ साली, स्त्रिया नौदलात अधिकारी म्हणून रुजू होऊ लागल्या.

यावर कुणी म्हणेल, ही ओढाताण झाली. त्याच सुमाराला लष्करातही स्त्रियांना प्रवेश मिळाला, आणि १९५७ च्या नौदल कायद्यानुसार अधिसूचना काढायची ती केंद्र सरकारने. हे मान्यच करायला हवं. घरातल्या जेवणाच्या टेबलावर धोरणं ठरत नाहीत. पण सरकारने उघडलेलं दार हौसेने उघडं ठेवायचं की कुरकुरत, हे खुर्चीवरच्या माणसावर असतं. दुसरा आक्षेप रामदासांच्या निवृत्तीनंतरच्या भारत-पाक शांततेच्या कामावरचा, आणि तो जास्त टोकदार आहे: निवृत्तीनंतर शांततेच्या गोष्टी कुणीही करेल. मात्र रामदासांनी १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात ‘बियास’ या युद्धनौकेचं नेतृत्व केलं आणि वीरचक्र मिळवलं. पुढे त्यांच्या एका मुलीने पाकिस्तानी माणसाशी लग्न केलं. ज्या देशाशी लढले, तिथेच व्याही झाले! २००४ चा मॅगसेसे पुरस्कारही त्यांना पाकिस्तानच्या आय. ए. रेहमान यांच्याबरोबर विभागून मिळाला. ज्या अलिबागजवळ त्यांनी निवृत्तीनंतर शेती केली, तिथे आरमार म्हटलं की आपल्याला फक्त आंग्रे आठवतात. आठवावेतच, पण हेही घर त्याच तालुक्यातलं.

आणि १९९२ पासून नौदलात आलेल्या त्या स्त्रिया? त्यांना कायमस्वरूपी कमिशनचा हक्क मिळायला १७ मार्च २०२० उजाडलं, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने.