ओंजळभर गढूळ पाणी

पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगा फुगल्या की नरसोबाच्या वाडीला पाणी देवळाच्या उत्तरद्वारातून आत शिरतं, दत्तपादुकांवरून वाहतं आणि दक्षिणद्वारातून बाहेर पडतं. दक्षिणद्वार सोहळ्याच्या त्या स्नानासाठी माणसं रात्री-अपरात्रीही धाव घेतात. ओंजळीत येणारं पाणी गढूळ असतं, तरी ते माथी लावलं जातं. मला त्या गढूळपणातच नदी पुरती भेटते. ती जितकी पाण्याची, तितकीच मातीची.

ही माती सह्याद्रीची. महाबळेश्वरच्या डोंगरात ऊन-पावसानं झिजलेला काळा पाषाण कृष्णेच्या हाती लागतो. कराडला दक्षिणेकडून आलेली कोयना तिला समोरासमोर भिडते आणि दोघी मिळून पूर्वेला वळतात. पुढे हरिपूरला वारणा, वाडीला पंचगंगा. पुराच्या जोरात गोटे तळावरून गडगडतात, वाळू उड्या घेत सरकते, पोयटा मात्र पाण्यात तरंगत राहतो. सखल मुलखात नदी वळणं घेते. बाहेरचा काठ खाते, आतल्या काठाला वाळू टाकते. वर्षभरातली बहुतेक माती ती पुराच्या मोजक्या दिवसांतच वाहून नेते.

पाणी काठाबाहेर पसरलं की त्याचा वेग मरतो आणि पोयटा खाली बसतो. असे थरावर थर साचून मळीची रानं झाली; कृष्णाकाठची वांगी नावाजली ती याच रानांतली. 2005 आणि 2019 च्या महापुरांत मात्र तोच गाळ घराघरांत शिरला, उभी पिकं कुजली, संसार उघड्यावर आले. ज्यांनी तो चिखल उपसला, त्यांच्यासमोर सुपीकतेचे गोडवे कुणी गाऊ नयेत.

पण उपाय शोधताना आपण पाण्यापाशीच थांबतो. पातळी किती फूट, विसर्ग किती क्युसेक, एवढंच बोलतो; मातीचा हिशेब राहून जातो. धरणाच्या जलाशयात पाणी थबकतं, गाळ तळाशी बसतो. खाली सुटलेलं निवळ पाणी आपली रिकामी ताकद काठ खरवडण्यात घालवतं. त्यात पात्रातली वाळू उपसली की तळ आणखी खोल जातो. काठावर भराव टाकून आपण नदीची पसरायची जागाही घेतो. सुमारे 1,400 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराशी जो सुपीक त्रिभुज प्रदेश कृष्णेनं रचला, तोही धरणांत अडणाऱ्या याच मातीचा.

नदीला वाहायला पात्र लागतं, तसं ओझं उतरवायला रान लागतं. ते रान तिच्यासाठी मोकळं ठेवणं ही तिच्यावरची कृपा नव्हे. काठावर सुखानं नांदायची ती आपलीच अट आहे.