पुण्याचे स्थळ

गेल्या वर्षी माघात आमच्या ताईला पुण्याचे स्थळ आले. भीमेच्या अलीकडे दौंड तालुक्यात आमचे घर आणि नदी ओलांडून शिरूरला माझे कॉलेज. एका बाबतीत मात्र दोन्ही तीरांचे एकमत आहे. मुलगा पुण्यात राहतो म्हटले, की पुढचे फारसे विचारायचे नाही. आप्पांनी तर पेपरातली जुनी बातमीच पाठ केली होती, "राहायला पुणं देशात पहिलं!"

बातमी खोटी नव्हती. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या शहरी कामकाज मंत्रालयाने राहण्यायोग्य अशा १११ शहरांची क्रमवारी जाहीर केली. तीत पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी आणि मुंबई तिसरी होती. पुढे २०२० च्या क्रमवारीत दहा लाखांवरच्या शहरांत बेंगळुरू पहिले आले आणि पुणे दुसरे. पाणी, घरे, आरोग्य, वाहतूक, सुरक्षितता असे ७८ निकष २०१८ साली लावले होते. त्या सर्वांचे गुण मिळवून शेवटी एकच क्रमांक. 'सरासरी' हा धडा मी परीक्षेपुरता वाचला होता. ताईचे स्थळ आल्यावर तो मला खरा कळला. ते गुण अख्ख्या पुण्याचे होते, ताईच्या वाट्याला येणाऱ्या मोरीचे नव्हते!

सरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "क्रमांक सोड, प्रश्न काय विचारले ते बघ." त्यांनी धनंजयराव गाडगीळांची गोष्ट सांगितली. गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३६-३७ साली पुण्यातली कुटुंबे गाठून त्यांचा धंदा, मिळकत आणि राहणी यांची पाहणी केली आणि तिचा पहिला भाग १९४५ मध्ये छापला. शहर समजून घ्यायला ही माणसे लोकांच्या दारात गेली होती. मग मी २०११ च्या जनगणनेची घरयादीची प्रश्नावली मिळवली. एकूण ३५ प्रश्न. राहत्या खोल्या किती? विवाहित जोडपी किती? पाणी आवारात, जवळ की दूर? संडास आवारात आहे का? न्हाणीघराला छप्पर आहे का? सोयरीक जुळवताना घरच्या बायका मनात जे विचारतात आणि बैठकीत पुरुष जे कधीच विचारत नाहीत, ते सगळे सरकारने छापून ठेवले होते.

मी त्यातले नऊ प्रश्न वहीत उतरवून आप्पांच्या हाती दिले. ते वैतागले. "अगं, आपण पाहुणे म्हणून चाललोय. खोल्या मोजायला चाललोय व्हय?" परत आल्यावर एवढेच म्हणाले, "घर चांगलं हाय. टीव्ही केवढा मोठा!" (टीव्हीचाही प्रश्न त्या यादीत आहे, पण तो मी मुद्दाम वगळला होता.)

शेवटी मीच केडगावहून गाडीने हडपसरला आत्याकडे गेले आणि तिला घेऊन त्या घरी पोचले. २०२१ साली जी २३ गावे महापालिकेत आली त्यांपैकी एका गावात ते घर आहे. म्हणजे २०११ च्या जनगणनेत पुणे शहराची जी ३१,२४,४५८ लोकसंख्या मोजली गेली, तीत हे घर नव्हतेच. माणसे गोड होती. आजी, आईवडील, थोरला भाऊ, वहिनी, त्यांचे बाळ आणि मुलगा, अशी सात. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे खोली किमान दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर उंच हवी. नुसते स्वयंपाकघर त्यात धरत नाहीत. त्या हिशेबाने खोल्या दोन आणि जोडपी दोन. ताईचे जोडपे तिसरे! भागाकार कसाही मांडला तरी बाकी उरत होती.

नळ रस्त्याच्या टोकाला होता. परतताना आत्याशी बोलत बोलत मी पावले मोजली. २१० भरली, म्हणजे दीडशे मीटरच्या आसपास. आता गंमत पाहा. जनगणनेत शहरात १०० मीटरच्या आतले पाणी 'जवळ', खेड्यात मात्र ५०० मीटरपर्यंतचे 'जवळ'. खेड्यातल्या बाईची मान पाचपट मजबूत असते, असे कोणाला वाटले असावे? तोच नळ गाव होते तोवर जवळ होता आणि गावाचे शहर झाल्यावर दूर गेला. हंडा तेवढाच जड राहिला.

रात्री अंगणात ताईला सारी वही वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "पाणी भरतं कोण?"

मी वही चाळली. तसा प्रश्नच नव्हता.

बोलणी करायला मंडळी आमच्याकडे आली तेव्हा चहाचा ट्रे खाली ठेवून ताईने तोच प्रश्न थेट मुलाला विचारला. मामांना ठसका लागला. आप्पा जमिनीकडे पाहू लागले. मुलगा मात्र गोंधळला नाही. म्हणाला, "सकाळी कामावर जायच्या आधी चार हंडे मी आणतो. बाकी आई आणि वहिनी." थोडे थांबून पुढे म्हणाला, "घरात जागा नाही, ते खरंय. खोली भाड्यानं बघावी लागंल."

वैशाखात लग्न झाले. दिवाळीच्या सुट्टीत मी ताईकडे चार दिवस राहिले. खोली एक, जोडपे एक, नळ आवारात, संडास तीन बिऱ्हाडांत मिळून एक. पाणी एक दिवसाआड येते. पहाटे पाचला भावोजी उठून पिंप भरतात आणि ताई तेवढ्यात डबा करते. भाड्यात पगाराचा तिसरा हिस्सा जातो. भाड्याची रक्कमही घरयादीत नव्हती, ती मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतली आहे.

आप्पांना हे सर्व ठाऊक आहे. तरी पारावर कोणी विचारले, की ते म्हणतात, "थोरली पुण्यात दिलीय."