वाफसा

शिरूर अनंतपाळ म्हटले की बाहेरची मंडळी आम्हास पुणे जिल्ह्यातील घोडनदीच्या शिरुरात नेऊन बसवितात. लातूर जिल्ह्यातच शिरूर ताजबंदही आहे, त्याने घोटाळ्यात भर पडते. आम्ही म्हणतो ते शिरूर देवणीच्या शेजारचे. देवणी गाईचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे प्रकार इथले पोरही रंगावरून ओळखते. या मुलखात कुटुंबांना भेटी देताना गाईचा माज, रेतन, ‘गाय उलटली’ ही तक्रार, असे बोलणे नित्य कानी पडते; आणि त्याच घरात, आवाज थोडा खाली आणून, सुनेची कूस उजवली नाही हेही सांगितले जाते. दोन्ही गोष्टी एकाच सुरात बोलल्या जाव्यात हे आम्हास कधीच रुचले नाही. तरी जनावरांच्या बाबतीत जे उमगले आहे ते सुनेच्याही उपयोगी पडते, हे नाकारता येत नाही.

उत्तम गाय वर्षाला फार तर एक वासरू देते. तिची अधिक वासरे हवीत म्हणून पशुवैद्य तिला चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, उतरत्या मात्रेत संप्रेरकाची इंजेक्शने देतात. एरवी एका माजाला एकच बीजांड सुटते, तिथे अनेक सुटतात. रेतनानंतर सातव्या दिवसाच्या सुमारास भ्रूण धुऊन काढून दुसऱ्या गाईंच्या गर्भाशयात ठेवतात. कधी दहा-बारा भ्रूण मिळतात, कधी एकही हाती लागत नाही. अशा प्रत्यारोपणाचे पहिले वासरू १९५१ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे जन्मले. मात्र या रीतीत औषध घेणारी गाय निराळी आणि गर्भ वाढविणारी निराळी. औषधाने ढवळलेल्या उदरात गर्भाला राहावे लागत नाही.

ज्या मादीला औषध दिले तिच्याच पोटी गर्भ राहिला तर काय होते, हे उंदरांत तपासले गेले आहे. १९५७ साली रूथ फाउलर आणि रॉबर्ट एडवर्ड्स यांनी संप्रेरके देऊन प्रौढ उंदरांच्या मादीत अनेक बीजांडे सोडविली व गर्भधारणाही घडविली. (हेच एडवर्ड्स पुढे परीक्षानळीतील बाळामुळे जगाला माहीत झाले.) नंतरच्या प्रयोगांत औषध न घेतलेल्या मादीचे भ्रूण औषध घेतलेल्या मादीत ठेवून पाहिले, तेव्हा ते कमी प्रमाणात रुजले. बी चांगले होते, भुई बदलली होती.

आमच्या शेतकऱ्याला हे एका शब्दात कळते: वाफसा. पावसानंतर जमीन पेरणीजोगी असते तो काळ थोडा. तो निघून गेला की उत्तम बियाणेही वाया जाते. गर्भाशयाच्या अस्तरालाही असा वाफसा असतो, उंदरात तर तो जेमतेम दिवसभराचा. अनेक बीजकोश एकदम पिकले की संप्रेरके भलतीच वाढतात, अस्तर वेळेआधी तयार होते आणि भ्रूण पोहोचेपर्यंत वेळ टळलेली असते. गाभण घोडीच्या रक्तापासून काढलेले जुने औषध गाईच्या शरीरात कित्येक दिवस रेंगाळे, त्यामुळे नको तेव्हा नवे बीजकोश वाढत. कमी काळ टिकणारी औषधे पुढे आली ती याचसाठी.

याहून नवलाची कथा क्लोमिफेनची. १९५६ साली तयार झालेली ही गोळी आज असंख्य स्त्रियांना बीजांड सुटावे म्हणून दिली जाते. पण उंदीरवर्गात तेच औषध गर्भ रुजू देत नाही, कारण तिथे रुजण्यासाठी लागणारा इस्ट्रोजेनचा इशाराच ते अडविते. एकाच औषधाची दोन जातींत दोन तोंडे! म्हणून प्राण्यांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावू नयेत. तरी काही स्त्रियांत या गोळीने अस्तर पातळ राहते, हे डॉक्टरही जाणतात.

गेल्या पावसाळ्यात, लग्नाला नऊ वर्षे झालेल्या एका जोडप्याने आम्हास विचारले, “फादर, ही औषधं घेतली तर पाप लागंल का?” आम्ही सांगितले, पाप नाही. २००८ सालच्या ‘दिग्नितास पेर्सोने’ या पत्रकात ख्रिस्तसभेने वंध्यत्वावरील संप्रेरक उपचार स्पष्टपणे ग्राह्य मानले आहेत. नैसर्गिक मीलनाच्या वाटेतील अडथळा दूर करणारे औषध हे औषधच होय. शरीराबाहेर गर्भ निर्माण करणे आणि उरलेले भ्रूण गोठवून ठेवणे तिला मान्य नाही. वाढलेल्या संप्रेरकांतून अस्तर सावरावे म्हणून काही ठिकाणी सर्व भ्रूण गोठवून पुढील महिन्यात ठेवतात. वैद्यकीयदृष्ट्या ते सयुक्तिक आहे, पण आमच्या जोडप्यांसाठी ती वाट नव्हे. उरते ती सौम्य मात्रेची, एकाच बीजांडावर समाधान मानणारी वाट. तिला यश कमी असेल, हेही आम्ही लपविले नाही.

नवऱ्याचे समाधान झाले. बायकोचे झाले नाही. ती म्हणाली, “पापाचं नव्हं फादर, लेकराला काही व्हईल का ते सांगा.” त्याचे उत्तर धर्मगुरूपाशी नसते. डॉक्टरांना विचारण्यासाठी आम्ही तिला तीन प्रश्न दिले: मात्रा किती, बीजकोश जास्त वाढले तर तो महिना सोडून देणार का, आणि सोनोग्राफीत अस्तराची जाडी पाहणार का? ते तिने पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून घेतले.