एका उभ्या रेघेचं देणं

माझ्या संगणकात बेचाळीस ओळींची एक फाइल आहे. इमॅक्स हा एडिटर उघडला की तो आधी ही फाइल वाचतो आणि तिच्यात सांगितलं आहे तसा माझ्यासाठी तयार होतो. फाइलमधल्या प्रत्येक सूचनेच्या वर मी मराठीत एक टीप लिहून ठेवली आहे. ही सूचना काय करते, ती मला कुणामुळे मिळाली आणि ती नव्हती तेव्हा माझं काय अडलं होतं, एवढंच त्या टिपेत असतं. परवा ती फाइल वरपासून खालपर्यंत वाचली आणि जाणवलं, की ही माझी उधारीची वही आहे. त्या उधारीबद्दल लिहायचं बरीच वर्षं राहून गेलं होतं.

माझी आत्या माण तालुक्यातली. तिला शाळेचा दरवाजा ठाऊक नव्हता, पण जात्यावरच्या ओव्या तिला किती येत होत्या याचा हिशोब तिलाही नव्हता. 2005 साली उन्हाळ्याच्या सुटीत मी तिच्याजवळ बसून दीडशेच्या आसपास ओव्या उतरवून घेतल्या आणि घरी येऊन संगणकावर टाइप केल्या. त्या काळी मराठीसाठी जो फाँट हाताशी होता तो वापरला. फाइल जपून ठेवली म्हणजे ओव्या जपल्या, असं मी समजत होते. ज्या वहीत मुळात लिहिल्या होत्या ती वहीसुद्धा मी रद्दीत जाऊ दिली.

अकरा वर्षांनी नव्या संगणकावर ती फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांचा नुसता खच. त्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली होती. फाँट गेला आणि त्याच्याबरोबर मराठीही गेली. मी मराठी शिकवते, पण माझी भाषा संगणकात कशाच्या आधारावर उभी असते याचा विचार मी कधी केला नव्हता. आत्याकडे पुन्हा गेले. तिनं न कुरकुरता पुन्हा सांगायला सुरुवात केली, पण अकरा वर्षांत तिचंही वय झालं होतं. कित्येक ओव्यांची पहिली ओळ आठवायची आणि दुसरीशी ती थांबायची. त्या ओळी माझ्या अज्ञानामुळे गेल्या. हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

आमच्या महाविद्यालयात संगणक शिकवणाऱ्या सरांना मी ती बिघडलेली फाइल दाखवली. त्यांनी ती वाचवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग म्हणाले, “मॅडम, आता साध्या मजकुरात लिहा. युनिकोडमध्ये. सजावट नंतर करता येते.” त्यांनी मला मार्कडाउन दाखवलं. ओळीच्या सुरुवातीला एक चौकट-खूण टाकली की ते शीर्षक, शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा दिला की तो शब्द तिरका, दोन तारे दिले की ठळक. बाकी सगळा साधा मजकूर, कुठल्याही संगणकावर, कुठल्याही एडिटरमध्ये डोळ्यांनी वाचता येणारा. जॉन ग्रुबर यांनी 2004 साली ही पद्धत प्रसिद्ध केली आणि तिची घडण ठरवताना ॲरन स्वार्ट्झनं त्यांना मदत केली होती, हे मला पुढे कळलं. स्वार्ट्झ तेव्हा सतरा वर्षांचा होता. माझ्या वर्गात बारावीला बसणाऱ्या मुलांएवढा. जानेवारी 2013 मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो गेला. मी मार्कडाउनची पहिली ओळ लिहिली त्याच्या आधीच. माझी काही देणी अशी आहेत, की ती ज्याची त्याला देण्याची वेळ मी शिकायच्या आधीच टळून गेली.

सरांनी इमॅक्स बसवून दिला आणि त्यात मार्कडाउन-मोड नावाचं पॅकेज घातलं. बाकीच्या एडिटरांत याला प्लगिन म्हणतात. पहिल्या दिवशी मी संगणकाचा कीबोर्ड मराठी केला, दोन ओळी लिहिल्या आणि आज्ञा देण्यासाठी कंट्रोल धरून सी दाबला. पडद्याच्या तळाशी उत्तर आलं: कंट्रोल-म अशी कुठलीच आज्ञा नाही. इनस्क्रिप्टमध्ये सीच्या कळीवर म असतो. एडिटरला सी मिळतच नव्हता. मी त्या दिवशी हे सगळं बंद करून टाकलं आणि हे आपल्यासारख्यांसाठी नाही, असं ठरवलं.

त्यातून मार्ग काढायचा म्हणून मी दुसरी चूक केली. एका हुशार विद्यार्थ्याकडून त्याची तयार फाइल मागून घेतली. तीनशेच्या वर ओळी होत्या. मी त्या जशाच्या तशा माझ्या संगणकात ठेवल्या. त्यातली एकही मला कळत नव्हती. रंग सुंदर आले, पण लिहिलेलं कसं दिसेल हे पाहायची आज्ञा दिली की चूक झाल्याचा निरोप यायचा. पुन्हा सरांकडे गेले. त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही. म्हणाले, “मला नका विचारू. त्यालाच विचारा.” आणि तीन गोष्टी कागदावर लिहून दिल्या. कंट्रोल-एच आणि मग के दाबलं की कुठली कळ काय करते ते कळतं. एचनंतर व्ही दाबलं की कुठल्या सेटिंगमध्ये आत्ता काय भरलं आहे ते दिसतं. एम दाबलं की चालू मोडमध्ये काय काय करता येतं त्याची सगळी यादी येते.

मी विचारलं. मार्कडाउन-मोडनं सांगितलं, की मजकुराचं रूपांतर तो स्वतः करत नाही. त्यासाठी बाहेरचा एखादा प्रोग्राम लागतो आणि त्याचं नाव एका सेटिंगमध्ये द्यावं लागतं. माझ्या संगणकात त्या नावाचा प्रोग्रामच नव्हता. सरांनी पॅनडॉक बसवायला सांगितलं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे जॉन मॅकफार्लेन यांनी 2006 मध्ये तो लिहायला घेतला होता. सेटिंगमध्ये पॅनडॉकचं नाव मी माझ्या हातानं घातलं. शीर्षकं शीर्षकांसारखी दिसली. समजून लिहिलेली माझी ती पहिली ओळ. कीबोर्डचा गुंताही असाच सुटला. इमॅक्सच्या आतच इनस्क्रिप्ट असतो. संगणकाचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा आणि कंट्रोल धरून उलटी तिरकी रेघ दाबायची, की अक्षरं मराठी आणि आज्ञा जशाच्या तशा. एडिटरच्या पोटात जगाच्या लिप्यांना जागा करून देणारं म्यूल नावाचं काम जपानमध्ये केनइची हांदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं आणि 1997 साली ते इमॅक्सच्या विसाव्या आवृत्तीत आलं. माणच्या ओव्या माझ्या पडद्यावर नीट उमटल्या, त्यामागे जपानमधल्या संशोधकांचे कष्ट होते.

इथवर येऊनही ती तीनशे ओळींची उसनी फाइल मी काढली नव्हती. माझी समजलेली दोन-तीन वाक्यं मी तिच्याच शेवटी जोडली होती. त्याची किंमत 2017 मध्ये द्यावी लागली.

आत्याच्या ओव्यांची छोटी पुस्तिका काढायचं ठरलं. मार्कडाउनमध्ये नुसती ओळ मोडून चालत नाही. रूपांतर होताना ओळी एकमेकींना जोडल्या जाऊन परिच्छेद होतो. ओळ खरोखर तिथेच संपवायची असेल तर शेवटी दोन मोकळ्या जागा सोडायच्या. मी प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या सोडल्या. मार्कडाउन-मोड त्या दोन जागांखाली बारीक अधोरेघ दाखवायचा. फाइल जतन केली की त्या अधोरेघा नाहीशा व्हायच्या. मी ते रोज पाहत होते आणि काही विचारत नव्हते. एडिटरमध्ये ओळी वेगळ्याच दिसत होत्या, म्हणून मुद्रकाकडे पाठवायची फाइलही मी शेवटी नीट तपासली नाही. शंभर प्रती छापून आल्या.

पहिली प्रत घेऊन मी आत्याकडे गेले. तिच्या नातीनं मोठ्यानं वाचायला घेतलं. पोर छापलं होतं तसं वाचत गेली, सलग, गद्यासारखं. आत्या थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिनं मला विचारलं, “पोरी, ह्यात दम कुठं घ्यायचा गं?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रत हातात घेऊन पाहिली तेव्हा कळलं, एकही ओवी ओवीसारखी राहिली नव्हती. सगळ्या ओळी एकमेकींत शिरल्या होत्या.

परत आल्यावर सर माझ्याबरोबर बसले. त्यांनी निम्मी फाइल बंद करायला सांगितली, मग उरलेल्यातली निम्मी, असं करत करत आम्ही एका ओळीपाशी आलो. फाइल जतन करण्याआधी प्रत्येक ओळीच्या शेवटची मोकळी जागा पुसून टाकावी, असं ती ओळ सांगत होती. प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलासाठी ती शहाणपणाची सवय होती. ओव्या लिहिणाऱ्या बाईच्या फाइलमध्ये ती प्रत्येक ओवीचा दम पुसत होती. त्या विद्यार्थ्याची यात काही चूक नव्हती. न समजता घेतलं, ते मी. आणि मोडनं रोज अधोरेघ दाखवून, ती पुसली जाताना दाखवून, मला सांगितलं होतं. ऐकलं नाही, ते मी.

त्या रात्री मी सगळी फाइल रिकामी केली. तेव्हापासून एक नियम पाळते. अडल्याशिवाय नवी ओळ घालायची नाही, कळल्याशिवाय ठेवायची नाही आणि तिच्या वर ती का आहे ते मराठीत लिहायचं. पहिल्या महिन्यात चारच ओळी झाल्या. इनस्क्रिप्टची, पॅनडॉकची, देवनागरीचा फाँट ठरवणारी आणि लांब ओळ पडद्याच्या कडेला शब्द न तोडता वळवणारी. शोधताना पॅनडॉकच्या माहितीत मला कवितेसाठीच केलेली सोय सापडली. ओळीच्या सुरुवातीला एक उभी रेघ द्यायची आणि एक जागा सोडायची. मग ओळ जिथे मोडली तिथेच मोडते, शेवटी काही सोडावं लागत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या मोकळ्या जागेवर विसंबण्यापेक्षा ही डोळ्यांना दिसणारी खूण मला भरवशाची वाटली. प्रत्येक ओळीपुढे उभी असलेली ती रेघ मला जात्याच्या खुंट्यासारखी दिसते. हात तिथे धरायचा आणि मग ओळ फिरवायची.

पण ती रेघ जिथे असते त्या कळीवर इनस्क्रिप्टमध्ये ऑ येतो. प्रत्येक ओळीला कीबोर्ड बदलावा लागे. म्हणून निवडलेल्या ओळींपुढे रेघ लावून देणारी छोटी आज्ञा मी स्वतः लिहिली. त्यासाठी मार्कडाउन-मोडचा मूळ कोड पहिल्यांदा उघडून वाचला. 2007 साली जेसन ब्लेव्हिन्स या अर्थशास्त्राच्या अभ्यासकानं तो सुरू केला. प्रत्येक लहान कामाच्या डोक्यावर ते काम काय करतं ते साध्या शब्दांत लिहिलेलं होतं. एचनंतर के दाबल्यावर मला जी उत्तरं मिळत होती ती हीच. मला वाटायचं मी एडिटरला विचारते आहे. खरं तर एका अनोळखी माणसानं, पुढे कुणीतरी विचारील हे धरून, उत्तरं आधीच लिहून ठेवली होती. माझ्या फाइलमध्ये मराठी टिपा लिहायची सवय मी त्याच्याकडून घेतली.

दुसऱ्या छपाईच्या पन्नासच प्रती काढल्या. आधी कागदावर काढून आत्यासमोर वाचल्या. या वेळी नात प्रत्येक ओळीला थांबली. आत्यानं काहीच म्हटलं नाही. ती नातीबरोबर पुटपुटत राहिली.

आता मराठीच्या वर्गातली मुलं लोकगीतं गोळा करतात तेव्हा मी त्यांना हे शिकवते. कुणीतरी हमखास म्हणतं, “मॅडम, तुमची फाइलच द्या ना.” मी देते, पण टिपांपुरती. सूचना काढून टाकते. सूचना ज्याची त्यानं विचारून, अडल्यावर लिहायची. सरांनी मला कागदावर लिहून दिलेल्या तीन गोष्टी मी त्यांना फळ्यावर लिहून देते. सर आता निवृत्त झाले. ते ऋण मी त्यांना परत करू शकत नाही. पुढे देता येतं, तेवढं देते.

आत्या 2021 मध्ये गेली. ओव्यांची फाइल अजून रोज उघडते. माहेर, भाऊ, लेक, पंढरीची वाट अशी शीर्षकं आहेत. शीर्षकावर टॅब दाबला की त्याखालच्या ओव्या मिटतात, पुन्हा दाबला की उघडतात. काही ओव्यांना दुसरी ओळ नाही. ती आत्याला 2005 मध्ये येत होती आणि 2016 मध्ये आठवली नाही. तिथे मी काही भरलेलं नाही. नुसती उभी रेघ ठेवली आहे, पुढे काही नसलेली. पॅनडॉक ती जागा पुसत नाही. छापतानाही ती ओळ रिकामी राहते. वाचणारा तिथे थांबतो.