मासोळी ताजी की बर्फातली?



बाजाराच्या दिवशी गडचांदूरच्या मासोळीच्या ओळीतून एक चक्कर मारा. एका बाजूला आपल्याच भागातील तलावांची, अमलनाला धरणाची मासोळी गोणपाटावर मांडलेली दिसेल. दुसऱ्या बाजूला थर्माकोलच्या पेटीत, बर्फाखाली दाबलेली रोहू आणि कतला. पेटीकडे पाहून आपण नाक मुरडतो. "बर्फातली ती शिळी, आणि गावची ती ताजी," असे आपल्या मनात पक्के बसले आहे. कृषी विस्ताराच्या नोकरीत मी तीस वर्षे खेडोपाडी हिंडलो. हे वाक्य मराठीत ऐकले, गोंडीत ऐकले आणि तेलुगूतही ऐकले. ते अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्याने मात्र घरातली माणसे आजारी पडतात, म्हणून आज त्याविषयी चार शब्द.

दुधाचे उदाहरण घ्या. सकाळी काढलेले दूध न तापवता दुपारपर्यंत उन्हात ठेवले तर ते नासते. "आमच्याच गाईचे आहे" म्हणून काही ते नासायचे थांबत नाही. मासोळीचेही तसेच आहे. मासा मेला की त्याच्या आतड्यांतले आणि कल्ल्यांतले जंतू कामाला लागतात. ऊन जितके जास्त तितके त्यांचे काम जोरात. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत पहाटे जाळ्यात आलेली मासोळी बर्फाशिवाय राहिली, तर दुपारपर्यंतच तिचा भरवसा संपतो.

आता पेटीतली मासोळी पाहा. आंध्र प्रदेशात कृष्णा-गोदावरीच्या मुखाजवळ, कोलेरू सरोवराच्या आसपास, रोहू-कतल्याची मोठमोठी तळी आहेत. तिथली मासोळी बर्फात भरून ट्रकने देशभर जाते. बर्फ पहिल्यापासून भरपूर असेल तर गोड्या पाण्यातली अशी मासोळी आठवडाभर सहज खाण्याजोगी राहते. आपल्या उष्ण पाण्यातले जंतू उष्णतेला सरावलेले असतात. बर्फात त्यांचे काही चालत नाही. म्हणून दोन दिवसांचा प्रवास करून आलेली रोहू, सहा तास उन्हात पडलेल्या गावच्या रोहूपेक्षा चांगली असू शकते. ताजेपणा नुसत्या तासांवर मोजायचा नसतो, थंडाव्यावरही मोजायचा असतो.

एका गावात ढिवर बांधवांच्या बैठकीत मी हेच सांगत होतो. जाळे ओढताच मासोळी बर्फात घाला, किलोला किलो बर्फ वापरा, लादी बारीक फोडून एक थर बर्फाचा आणि एक थर मासोळीचा लावा, असे सारे सांगून झाले. तेव्हा एक वयस्कर ढिवर म्हणाले, "साहेब, बर्फ परवडते. पण बर्फ दिसला का गिऱ्हाईक म्हणते, शिळी हाय. मंग भाव पाडून मागते." यावर मला उत्तर सुचेना, कारण दोष त्यांचा नव्हताच. आपण बर्फाला नावे ठेवतो, म्हणून ते बर्फ घालत नाहीत, आणि म्हणून आपल्याच तलावाची उत्तम मासोळी आपल्याच डोळ्यांदेखत खराब होते. नुकसान दोघांचेही.

सर्वांत जास्त झळ बसते ती संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला. कापूस वेचून, निंदण करून बाया दिवस मावळताना बाजारात येतात. तेव्हा वाटा स्वस्त झालेला असतो. तोच वाटा दिवसभर उन्हात पडलेला असतो. भगिनींनो, स्वस्त वाटा घ्यायचाच असेल तर बर्फातला घ्या. उघड्यावरचा अर्ध्या भावात मिळाला तरी नको. "मसाला जास्त घालू, वास मरेल," असे म्हणू नका. मसाल्याने वास मरतो, पण खराब मासोळीत तयार झालेली काही विषे उकळूनही मरत नाहीत. बांगड्यासारखी समुद्राची मासळी थंडाव्याशिवाय राहिली तर तिच्यात असेच द्रव्य तयार होते. ते खाल्ल्यावर तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, डोके दुखते.

मग पारख कशी करावी? विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, पेटीवर जाऊ नका, मासोळी हातात घ्या. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, खोल गेलेला व पांढुरका नको. कल्ला उचलून पाहा: आत लालभडक असावे, तपकिरी किंवा चिकट नसावे. बोटाने दाबा: खड्डा लगेच भरून आला पाहिजे. पोट घट्ट हवे, फुटलेले नको. खवले अंगाला धरून असावेत. वास तलावाच्या पाण्याचा यावा, सडका येऊ नये. एवढे पाहायला मिनिटही लागत नाही.

२०१८ साली केरळात आणि गोव्यात मासळीला फॉर्मेलिन लावल्याचे प्रकरण गाजले. तेव्हापासून "माशी बसत नाही म्हणजे औषध मारले" असे लोक म्हणतात. थंड बर्फावरही माशी कमी बसते, तेव्हा एवढ्यावरून निवाडा करू नका. मात्र डोळा निस्तेज, कल्ला फिका आणि अंग रबरासारखे ताठ असेल तर ती मासोळी सोडून द्या.

जिवंत मिळत असेल तर प्रश्नच मिटला. मरळ आणि मांगूर हवेतूनही श्वास घेतात, म्हणून घमेल्यातल्या थोड्या पाण्यातही जिवंत राहतात. मात्र किलो-दोन किलोचा मांगूर दिसला तर सावध व्हा. तो बहुधा थाई मांगूर असतो, आणि त्याच्या पालनावर बंदी आहे.

कडक गोठवलेली मासळी शहरातून आणली तर ती घरी येईपर्यंत दगडासारखी राहिली पाहिजे. उतरवायची ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, किंवा पिशवीसकट गार पाण्यात. गरम पाण्यात टाकू नका. वीज जाऊन ती मऊ पडली तर त्याच दिवशी शिजवा, पुन्हा गोठवू नका. घरी फ्रिज नसेल तर मासोळी आणताच आतडी आणि कल्ले काढा, धुवा, हळद-मीठ लावा आणि त्याच वेळेच्या जेवणात संपवा. साफ करताना रोहू-कतल्याची हिरवट पित्ताची पिशवी फोडू नका. औषध म्हणून ती गिळण्याची काही ठिकाणी चाल आहे. त्या पित्ताने मूत्रपिंडे निकामी होतात, आणि शिजवूनही ते निर्विष होत नाही.

रांधायचे तंत्र सोपे आहे. जिवंत किंवा अगदी ताजी मासोळी सरळ रश्श्यात सोडा. बर्फातली थोडी मऊ असते, म्हणून चिंचेचा कोळ, हळद, मीठ लावून पाव तास ठेवा, जवसाच्या तेलात परतून घ्या आणि मग लसूण-मिरचीच्या रश्श्यात घाला, म्हणजे तुकडे मोडत नाहीत. मरळला काटे कमी, ती लेकरांना द्यावी. बारीक मासोळी कुरकुरीत तळून काट्यांसकट खावी, हाडांना चुना मिळतो.

फवारणीच्या दिवसांत नाल्यात मरून तरंगणारी मासोळी फुकट मिळाली तरी घरी आणू नका, आणि औषधाच्या रिकाम्या डब्यातून कोणतीही मासोळी आणू नका.

पुढच्या बाजारी गावच्या ढिवराच्या टोपलीत बर्फ दिसला तर नाक मुरडू नका. कल्ला उचलून पाहा, लाल असेल तर त्याने मागितलेला भाव द्या. असे चार गिऱ्हाइकांनी केले की पुढच्या आठवड्यात तो आपण होऊन जास्त बर्फ आणील, आणि आपल्या तलावाची मासोळी आपल्या ताटात ताजी येईल.