गर्दीपल्याडचे दोन दुर्ग : टकमक आणि कामणदुर्ग

वसई-विरारमध्ये पेढी सांभाळणाऱ्या कुटुंबांना पूर्वेचा डोंगर नित्य दिसतो. परंतु डोंगरावर जायचे ठरले की पावले जीवदानी, तुंगारेश्वर आणि चिंचोटी याच तीन ठिकाणी वळतात. पावसाळ्यात तर तेथे पाय ठेवण्यास जागा उरत नाही. चिंचोटीच्या धबधब्यात बुडून अनेकांनी प्राण गमावले आहेत आणि प्रशासनाला तेथे जाण्यास मनाई करावी लागली आहे. याच डोंगररांगेत टकमक आणि कामणदुर्ग हे दोन दुर्ग मात्र वर्षातील बहुतेक दिवस निर्जन असतात.

तुंगारेश्वरच्या अरण्याला 2003 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे 85 चौरस किलोमीटरचा हा पट्टा बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि तानसा अभयारण्य यांना जोडतो. बिबट्यासारख्या प्राण्यांना एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाण्याची हीच वाट आहे. तेथे आपण पाहुणे आहोत, हे पहिल्या पावलापासून ध्यानी असावे.

टकमकला जाण्यासाठी मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील सकवार गाव गाठावे. गडाची उंची सुमारे 2000 फूट असून चढणीला अडीच ते तीन तास लागतात. दाट झाडीत ढोरवाटा इतक्या फुटतात की नवख्याची दिशाभूल होते. म्हणून गावातील जाणता वाटाड्या सोबत घ्यावा आणि त्याच्या दिवसभराच्या श्रमाचे मोल मनमोकळेपणाने द्यावे. माथ्यावर पाण्याची टाकी, तटबंदीचे अवशेष आणि जुन्या तोफा आहेत. स्वच्छ हवेत खाली वैतरणेचे पात्र दिसते.

कामणदुर्ग त्याहून किंचित उंच आहे. वसई-दिवा लोहमार्गावरील कामण रोड स्थानकावरून पायथ्याचे कामण गाव जवळ पडते. येथेही खडकात खोदलेली टाकी आहेत. माथ्यावरून वसईच्या खाडीचा जलमार्ग नजरेत येतो, आणि ज्या काळी व्यापार गलबतांतून चाले त्या काळी अशा माथ्यावर पहारा का ठेवला जात असेल, हे व्यापारी घराण्यातील मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तोवर या मुलखावर दोन शतके पोर्तुगीजांचा अंमल होता.

जावे केव्हा? पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात आणि प्रत्येक पावलाखाली शेवाळ, कीटक, नवे अंकुर येतात. चातुर्मासात प्रवास आवरता घेण्याची आपल्या घरांतील रीत येथे अगदी व्यवहार्य ठरते. कार्तिकी पौर्णिमेनंतर साधु-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो. या दुर्गांसाठीही तेव्हापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. सूर्योदयाच्या सुमारास चढू लागल्यास दुपारी परतता येते आणि चौविहारालाही बाधा येत नाही. टाक्यांतील पाण्यावर विसंबू नये. प्रत्येकी तीन लिटर उकळलेले पाणी न्यावे. खाकरा, चणे, सुकामेवा पुरेसा होतो. वेष्टने परत आणावीत. अभयारण्यातील प्रवेशाविषयी वनखात्याकडे आधी चौकशी करावी.

कसे जावे, याचे उत्तर मात्र या तालुक्यातच दगडावर कोरलेले सापडले आहे. 1882 मध्ये जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. हाच लेख गिरनारच्या पायथ्याशी, नेमिनाथ प्रभूंच्या दर्शनाला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेजवळ, मोठ्या शिळेवर कोरलेला आहे. पूर्वीचे राजे शिकार आणि मौजेसाठी ‘विहारयात्रा’ करीत. अशोकाने तिच्या जागी ‘धर्मयात्रा’ सुरू केली. श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, वृद्धांची विचारपूस आणि खेड्यापाड्यांतील लोकांची भेट हा तिचा हेतू, असे त्या लेखाचे सार आहे.

शब्दांचे भाग्य पाहावे. तेथे विहार म्हणजे मौज. आपल्या परंपरेत विहार म्हणजे साधूंचे अनवाणी, खाली पाहून, जीव जपत चालणे. डोंगर तोच असतो. जाणाऱ्याच्या वागण्याने त्याची जत्रा होते किंवा यात्रा. ध्वनिक्षेपक खांद्यावर घेऊन गेलेले पाच जण टकमकलाही चिंचोटी करून सोडतील. चार-पाच जणांचे कुटुंब मुलांना पायाखाली पाहण्यास शिकवीत, वाटाड्याच्या पाड्यावर घटकाभर बसून त्याच्या मुलाबाळांची चौकशी करीत गेले, तर दुर्गाची शांतता पुढच्या माणसासाठीही शिल्लक राहील. म्हणून येत्या कार्तिकी पौर्णिमेनंतरचा एखादा सुट्टीचा दिवस आताच राखून ठेवावा आणि मोठा मेळा न जमवता घरच्यांनाच घेऊन निघावे.